हिपॅटायटिस सी उपचारांविषयी पुण्यातील डॉक्टरांचे सर्वेक्षण कसे करावे

हिपॅटायटिस सी हा आज गोळ्यांनी पूर्ण बरा होणारा यकृताचा आजार आहे. यकृत अजून घट्ट झालेले नसेल, तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर ही औषधे रोज एकदा, बारा आठवडे घेतल्यावर शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. तरीही तपासणीचा कागद फाइलमध्ये घालून वर्षानुवर्षे काहीही न करता फिरणारे रुग्ण आपल्या शहरात भेटतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी तो कागद एकदा तरी कुठल्यातरी डॉक्टरांना दाखवलेला असतो. त्या भेटीत नेमके काय घडले, हे शोधून काढण्यासाठी डॉक्टरांचे, परिचारिकांचे आणि प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांचे सर्वेक्षण करायचे असते. सामाजिक वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी, आरोग्य क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्था आणि महापालिकेच्या आरोग्य विभागात काम करणारी मंडळी यांना डोळ्यांसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट आग्रहाने सांगतो. बहुतेक प्रश्नावल्या डॉक्टरांना काय माहीत आहे एवढेच विचारतात: हिपॅटायटिस सी कशाने पसरतो, लस आहे की नाही, उपचार किती आठवड्यांचा. उत्तरांची बेरीज होते, ‘ज्ञान समाधानकारक’ किंवा ‘ज्ञान अपुरे’ असा निष्कर्ष निघतो आणि अहवाल कपाटात जातो. रुग्ण कुठे सुटला हे त्यातून कधीच कळत नाही. म्हणून सर्वेक्षणाचा कणा एकच असावा: आपण पाहिलेल्या शेवटच्या हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह रुग्णाचे पुढे काय झाले? ज्ञानाचे प्रश्न या कण्याभोवती, मोजके आणि गरजेपुरतेच असावेत.

रुग्णाची वाट आधी कागदावर काढा

प्रश्न लिहायला बसण्यापूर्वी रुग्ण कुठून कुठे जायला हवा, याची वाट एका पानावर काढून घ्यावी. पहिला टप्पा म्हणजे धोका ओळखून तपासणी सुचवणे. ज्यांना पूर्वी, विशेषतः रक्तपेढ्यांमध्ये या विषाणूची तपासणी सक्तीची होण्याआधी, रक्त चढवले आहे, जे डायलिसिसवर आहेत, ज्यांना थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावे लागते, जे सुईने नशा करतात किंवा पूर्वी करत होते, ज्यांना एचआयव्हीची लागण आहे, ज्यांनी निर्जंतुकीकरणाची खात्री नसलेल्या ठिकाणी गोंदवून किंवा इंजेक्शन घेतलेले आहे, अशांना तपासणी सांगितली पाहिजे. दुसरा टप्पा अँटीबॉडीची तपासणी, जिला दवाखान्यात ‘अँटी-एचसीव्ही’ किंवा नुसतेच ‘एचसीव्ही’ म्हणतात.

तिसऱ्या टप्प्यावर जास्तीत जास्त वेळ द्यावा, कारण वाट सर्वाधिक तुटते ती इथेच. अँटीबॉडी पॉझिटिव्ह येणे म्हणजे विषाणू आज शरीरात आहेच असे नव्हे. लागण झालेल्यांपैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांचे शरीर पहिल्या सहा महिन्यांत कोणत्याही उपचाराविना विषाणूला हटवते, आणि त्यांची अँटीबॉडी मात्र पॉझिटिव्हच राहते. औषधाने बऱ्या झालेल्या रुग्णाचेही तसेच. त्यामुळे विषाणूची आरएनए तपासणी, म्हणजे बोलीतला ‘व्हायरल लोड’, केल्याशिवाय आजार आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. उलट डायलिसिसवरच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णात अँटीबॉडी निगेटिव्ह असूनही विषाणू असू शकतो. अँटीबॉडीचा कागद पाहून एक डॉक्टर रुग्णाला घाबरवतात, दुसरे ‘एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) नॉर्मल आहे, काळजी करू नका’ म्हणून परत पाठवतात. या दोन्ही वेळी आरएनए तपासणी राहून जाते. आपल्या सर्वेक्षणाने काही एकच गोष्ट मोजायची ठरवली, तर ती हीच असावी.

त्यानंतर यकृत किती घट्ट झाले आहे हे पाहणे. त्यासाठी बायोप्सीची गरज आता क्वचितच पडते. एसजीओटी आणि प्लेटलेट या दोन साध्या तपासण्यांवरून एपीआरआय हा गुणांक काढता येतो, आणि त्यांत वय व एसजीपीटी मिळवले की फिब-४ निघतो. एपीआरआय दोन किंवा त्याहून जास्त आला, तर सिरॉसिसचा, म्हणजे यकृत फार घट्ट झाल्याचा, संशय घेऊन पुढची तपासणी आणि औषधाची निवड बदलते. उपचार सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी साठी एचबीएसएजी करणे आवश्यक आहे, कारण सी चा विषाणू नाहीसा होत असताना दबलेला बी उसळू शकतो. रुग्ण दुसरी कोणती औषधे घेतो हेही विचारलेच पाहिजे: क्षयरोगासाठीचे रिफाम्पिसिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडारोन, आणि वेल्पाटासविर हे हिपॅटायटिस सी चे दुसरे औषध द्यायचे असेल तर ॲसिडिटीच्या गोळ्या. शेवटचा टप्पा म्हणजे औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए. तो निगेटिव्ह आला की रुग्ण बरा. सिरॉसिस झालेल्यांना मात्र बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, आणि ही गोष्ट रुग्णाला सांगितली जाते का, हा एक चांगला प्रश्न आहे.

हा कागद तयार झाला की प्रत्येक टप्प्यासमोर लिहावे, की पुण्यात हे काम प्रत्यक्ष कोण करते. तिथूनच ठरते की विचारायचे कोणाला.

कोणाला विचारायचे

‘डॉक्टर’ म्हटले की आपल्या मनात यकृततज्ज्ञ येतात, पण त्यांच्यापर्यंत पोहोचलेला रुग्ण अर्धी वाट चालून आलेला असतो. पुण्यात पहिली भेट बहुतेक वेळा घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांची असते, आणि त्यांत बीएएमएस व बीएचएमएस पदवीधारक मोठ्या संख्येने आहेत. त्यांना वगळून केलेले सर्वेक्षण कागदावर नीटनेटके दिसेल, पण कात्रज, येरवडा किंवा भोसरीतल्या रुग्णाची कहाणी त्यात येणार नाही.

दुसरा गट बऱ्याचदा विसरला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेआधी एचआयव्ही, एचबीएसएजी आणि एचसीव्ही या तिन्ही तपासण्या एकत्र करून घेण्याची पद्धत खासगी रुग्णालयांत रूढ आहे. त्यामुळे हिपॅटायटिस सी चे निदान अनेकदा नेत्रतज्ज्ञांकडे, अस्थिरोगतज्ज्ञांकडे, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा दंतवैद्यांकडे अचानक होते. तिथे सगळ्यांचे लक्ष शस्त्रक्रिया सुरक्षित कशी होईल याकडे असते. शस्त्रक्रिया होते किंवा पुढे ढकलली जाते, आणि पॉझिटिव्ह आलेल्या कागदाचे काय करायचे हे कोणाचेच काम उरत नाही. त्यांना विचारायचे तीन-चार प्रश्न वेगळे असावेत: निकाल रुग्णाला कोणी सांगितला, कोणत्या शब्दांत सांगितला, शस्त्रक्रियेची तारीख किंवा खर्च बदलला का, आणि रुग्णाला पुढे कुठे पाठवले.

याखेरीज डायलिसिस केंद्रांतील तंत्रज्ञ आणि सिस्टर, रक्तपेढ्यांतील समुपदेशक, एचआयव्ही तपासणी केंद्रांतील समुपदेशक आणि पॅथॉलॉजी प्रयोगशाळा यांचा समावेश करावा. हे गट आकाराने लहान असल्यामुळे त्यांतून नमुना काढत बसू नये. शक्य तितक्या सर्वांनाच विचारावे. रक्तदात्याचे रक्त पॉझिटिव्ह आले तर त्याला कळवले जाते का, आणि कळवल्यावर तो आरएनएपर्यंत पोहोचतो का, हे रक्तपेढीतल्या समुपदेशकाइतके कोणीच सांगू शकणार नाही.

फॅमिली डॉक्टरांसाठी मात्र नमुना काढावा लागेल, आणि त्यासाठी नावांची यादी हवी. एकच परिपूर्ण यादी मिळत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत ॲलोपॅथीचे डॉक्टर असतात, आयुर्वेद व होमिओपॅथीच्या नोंदवह्या वेगळ्या. नर्सिंग होमची नोंदणी महापालिकेकडे असते, पण एकट्याने चालवलेला छोटा दवाखाना त्या यादीत येत नाही. वैद्यकीय संघटनांच्या याद्यांत फक्त सभासद असतात. म्हणून आधी काही प्रभाग निवडावेत आणि त्या प्रभागांत गल्लीगल्लीतून फिरून दवाखान्यांच्या पाट्या टिपून आपली यादी आपण करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण २०१७ मध्ये आणि नंतर २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांतले दवाखाने जुन्या याद्यांत सापडतीलच असे नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन वेगळ्या महापालिका आहेत, हेही आराखड्यात स्पष्ट लिहावे, कारण परवानग्या वेगळ्या घ्याव्या लागतात.

नमुन्याचा आकार ठरवण्याचे गणित सोपे आहे. उत्तर निम्म्या डॉक्टरांकडून ‘हो’ येईल असे धरले आणि पाच टक्क्यांची चूक चालवून घेतली, तर ९५ टक्के खात्रीसाठी ३८४ डॉक्टर लागतात. आपल्या यादीत समजा एकूण ६०० जणच असतील, तर मर्यादित संख्येची दुरुस्ती लावून हा आकडा सुमारे २३५ वर येतो. प्रत्येक दहातले सहाच जण उत्तर देतील असे गृहीत धरले, तर सुमारे ३९० जणांकडे जावे लागेल. प्रभागांचे गुच्छ निवडले असतील, तर हा आकडा आणखी वाढवावा, कारण एकाच भागातले डॉक्टर एकमेकांसारखे वागतात. हाताशी माणसे कमी असतील, तर नमुना लहान ठेवून प्रत्येकाकडे तीनदा जाण्याची तयारी ठेवावी. उत्तर न देणारे डॉक्टर उत्तर देणाऱ्यांपेक्षा वेगळे असतात, आणि मोठ्या पण अर्धवट नमुन्याने तो दोष झाकला जात नाही.

प्रश्न कसे लिहावेत

पहिली अडचण ‘कावीळ’ या शब्दाची. आपल्याकडे दूषित पाण्याने होणारा हिपॅटायटिस ए आणि ई, रक्तातून पसरणारा बी आणि सी, पित्ताशयातले खडे, सगळ्यांना कावीळच म्हणतात. पुण्यातच असलेल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने पाण्यातून पसरणाऱ्या काविळीवर मोठे संशोधन केले आहे आणि इथल्या डॉक्टरांच्या मनात पावसाळा म्हणजे कावीळ हे समीकरण पक्के आहे. पण हिपॅटायटिस सी ला ऋतू नाही आणि बहुतेक रुग्णांचे डोळे कधीच पिवळे होत नाहीत. म्हणून प्रश्नावलीत ‘कावीळ’ हा शब्द कुठेही येऊ नये. प्रत्येक वेळी पूर्ण ‘हिपॅटायटिस सी’ लिहावे, आणि बी व सी एकाच वाक्यात आणू नयेत. ‘हिपॅटायटिस बी आणि सी च्या रुग्णांना आपण कुठे पाठवता?’ या प्रश्नाचे उत्तर बी चे आहे की सी चे, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

दुसरी अडचण चांगले दिसण्याची इच्छा. आमच्या पायलटमध्ये, म्हणजे आधी थोड्या जणांवर केलेल्या चाचणीत, सुरुवातीला एक प्रश्न होता, ‘हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह रुग्णाला आपण पुढील उपचारांसाठी पाठवता का?’ सगळ्यांनी ‘हो’ वर खूण केली. मग प्रश्न बदलून विचारले, की शेवटचा असा रुग्ण साधारण कधी पाहिला, त्याला कुठे पाठवले आणि चिठ्ठीत काय लिहिले. हडपसरकडच्या एका छोट्या दवाखान्यातले डॉक्टर थोडा वेळ थांबले, टेबलाचा खालचा खण उघडून चिठ्ठ्यांचे कार्बन कॉपीचे पुस्तक काढले आणि पाने उलटत गेले. सात-आठ महिन्यांपूर्वीची चिठ्ठी सापडली. रुग्णाचे वय, ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’, आणि खाली ‘मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवणे’ एवढेच. कोणत्या विभागात, कोणती तपासणी, काहीच नाही. ‘पुन्हा आला नाही तो,’ असे म्हणून ते पुस्तक उघडेच ठेवून बसले. ते डॉक्टर निष्काळजी नव्हते; चिठ्ठी लिहिताना रुग्णाला पाठवायचे नेमके कुठे हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. हे त्या पहिल्या ‘हो’ मधून आम्हाला कधीच कळले नसते.

त्यामुळे प्रश्न असे असावेत: ‘गेल्या बारा महिन्यांत आपल्याकडे अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह किती रुग्ण आले? आठवत नसेल तर अंदाज सांगावा.’ ‘त्यांतल्या सर्वांत अलीकडच्या रुग्णाची आरएनए तपासणी झाली का? झाली, झाली नाही, मला कळले नाही.’ यातला तिसरा पर्याय कधीही गाळू नये. ‘मला कळले नाही’ हे उत्तर वाट नेमकी कुठे तुटली ते दाखवते, आणि त्याला ‘नाही’ मध्ये मिसळणे ही मोठी चूक आहे. ज्यांनी असा रुग्ण कधी पाहिलाच नाही, त्यांच्यासाठी काल्पनिक रुग्णाचे वर्णन द्यावे. आम्ही वापरले ते असे:

‘बावन्न वर्षांच्या एक बाई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या घेऊन आपल्याकडे आल्या आहेत. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह, एसजीपीटी नॉर्मल. १९९४ साली बाळंतपणात त्यांना दोन बाटल्या रक्त चढवले होते. कसलाही त्रास नाही. आपण त्यांना काय सांगाल, कोणती तपासणी लिहून द्याल आणि कुठे पाठवाल?’

उत्तर मोकळे लिहून घ्यावे, पर्याय वाचून दाखवू नयेत. पर्याय दिसले की आरएनए हा शब्द डोळ्यांसमोर येतो आणि ज्यांना तो सुचला नसता तेही त्यावर खूण करतात. गुण देण्याचे निकष आधीच लिहून ठेवावेत आणि दोन जणांनी एकमेकांचे न पाहता गुण द्यावेत. ते जुळले नाहीत तर तिसऱ्याला विचारावे.

ज्ञानाचे प्रश्न पाच-सहाच ठेवावेत, आणि असेच ज्यांचे उत्तर चुकले तर रुग्णाचे प्रत्यक्ष नुकसान होते. हिपॅटायटिस सी वर लस नाही, हे डॉक्टरांना ठाऊक आहे का? (बी ची लस आहे म्हणून इथे गोंधळ होतो.) हा आजार बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो हे माहीत आहे, की अजूनही इंटरफेरॉनची इंजेक्शने, ताप, केस गळणे आणि लाखांचा खर्च हेच चित्र डोळ्यांसमोर आहे? ही जुनी आठवण फार चिवट आहे. ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपला एखादा रुग्ण इंटरफेरॉनने बेजार झालेला पाहिला, ते आजही पुढच्या रुग्णाला ‘उपचाराच्या नादी लागू नका’ असे मनापासून सांगतात. सरकारी केंद्रावर औषध मोफत मिळते हे माहीत आहे का, आणि असेल तर आपल्या भागातले केंद्र कोणते, हा प्रश्न जोडूनच विचारावा. नुसते ‘माहीत आहे’ पुरेसे नाही, केंद्राचे नाव सांगता आले पाहिजे.

भेदभावाचे प्रश्न अवघड, पण टाळू नयेत. ‘पॉझिटिव्ह रुग्णाची शस्त्रक्रिया आपण करता का?’ असे थेट विचारले तर खरे उत्तर मिळणे कठीण. त्याऐवजी व्यवस्थेबद्दल विचारावे: अशा रुग्णाची शस्त्रक्रिया यादीत शेवटी घेतली जाते का, वेगळ्या किटचे पैसे बिलात लागतात का, फाइलवर लाल शाई किंवा खूण असते का, डायलिसिसचे यंत्र वेगळे आहे का. त्याचबरोबर कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या सुरक्षिततेचाही प्रश्न हवा. सुई टोचल्यावर हिपॅटायटिस सी साठी प्रतिबंधक औषध नाही, वेळेवर तपासण्या करणे एवढेच हातात असते. सिस्टर आणि वॉर्डबॉय यांना हे कोणी सांगितले आहे का, टोचल्याची नोंद कुठे करायची हे त्यांना माहीत आहे का? जिथे कर्मचाऱ्यांच्या भीतीची दखल घेतली जात नाही, तिथे त्या भीतीचा राग रुग्णावर निघतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्नावली मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असावी. डॉक्टर पुष्कळदा इंग्रजी घेतील, पण तंत्रज्ञ, सिस्टर आणि समुपदेशक मराठीत मोकळेपणाने बोलतात. मराठी मसुदा एकाने करावा आणि मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत आणावा, म्हणजे अर्थ कुठे सरकला ते दिसते. ‘विषाणूभार’ वगैरे शब्द लिहू नयेत. ‘व्हायरल लोड’ सर्वांना कळतो. पूर्ण प्रश्नावली पंधरा मिनिटांत संपली पाहिजे, आणि पायलटमध्ये घड्याळ लावून ते तपासावे.

परवानगी आणि गोपनीयता

प्रश्न रुग्णांना नसून डॉक्टरांना आहेत, म्हणून नैतिकता समितीची गरज नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांकडून माहिती घेणाऱ्या अशा संशोधनाला समितीपुढे जावे लागते. कमी धोक्याचे काम असल्यामुळे लवकर निर्णय किंवा सूट मिळू शकते, पण ती सूट समितीने द्यायची असते, आपण घ्यायची नसते. महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयांत जायचे असेल तर आरोग्य अधिकाऱ्यांचे आणि त्या रुग्णालयाच्या प्रमुखांचे लेखी पत्र आधी मिळवावे; याला आठवडे लागतात, त्यामुळे प्रश्नावली पक्की होण्याची वाट न पाहता अर्ज सुरू करावा.

डॉक्टरांनी सांगितलेल्या रुग्णाचे नाव, फोन किंवा केस नंबर कधीही लिहून घेऊ नये, त्यांनी स्वतःहून दाखवले तरी. वर सांगितलेले चिठ्ठ्यांचे पुस्तक समोर आले, तेव्हा आमच्या गटातल्या मुलाखत घेणाऱ्या मुलीने पान स्वतः पाहिले नाही, डॉक्टरांनाच वाचून दाखवायला सांगितले. हे आधी शिकवून ठेवावे लागते. डॉक्टरांच्या नावाची यादी आणि उत्तरांचे कागद वेगळ्या ठिकाणी, फक्त क्रमांकाने जोडलेले असावेत. एखाद्या भागात यकृततज्ज्ञ एकच असेल तर ‘या भागातील यकृततज्ज्ञ’ असे लिहिणे म्हणजे नावच छापणे. अशा वेळी दोन-तीन भाग एकत्र करून आकडे द्यावेत.

दवाखान्यात जाताना

दवाखान्याच्या बाकावर पिशवी घेऊन बसलेला अनोळखी माणूस म्हणजे एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी), असे कंपाउंडर काका आणि मावशी धरून चालतात, आणि रुग्ण संपल्यावर दोन मिनिटे देतात. म्हणून आधी एकदा नुसते जाऊन पत्र द्यावे, वेळ मागून घ्यावी आणि आपण कोणत्याही औषध कंपनीकडून आलेलो नाही हे पहिल्याच वाक्यात सांगावे. ‘नमस्कार डॉक्टर, मी औषधांसाठी आलेलो नाही. हिपॅटायटिस सी चे रुग्ण मध्येच कुठे सुटतात ते समजून घेतो आहोत, आपला अनुभव हवा आहे’ एवढे पुरते. एकट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना सकाळची ओपीडी संपल्यावर, एकच्या सुमारास, गाठणे सोयीचे असते. सायंकाळी रांग संपेपर्यंत नऊ वाजतात आणि दमलेल्या माणसाकडून विचारपूर्वक उत्तर मिळत नाही.

वर्षातली वेळही विचारपूर्वक निवडावी. जागतिक हिपॅटायटिस दिन २८ जुलैला येतो म्हणून जुलैमध्ये सर्वेक्षण ठेवण्याचा मोह होतो, पण त्याच काळात डेंग्यू, ताप आणि जुलाबांनी ओपीडी भरून वाहतात. त्याआधी पालख्यांच्या दिवसांत निम्मे शहर बंद असते, नंतर गणपतीचे दहा दिवस. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. ऑनलाइन फॉर्म पाठवणे स्वस्त पडते, पण डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटांत तो फॉर्म किती जणांनी पाहिला हे कळत नाही आणि एक जण उत्तरे टाकतो तसे बाकीचे भरतात. ऑनलाइन घ्यायचेच असेल तर प्रत्येकाला वेगळी लिंक द्यावी.

प्रश्नावली संपल्यावर, आधी नव्हे, प्रत्येक डॉक्टरांच्या हातात एक पान द्यावे. त्यावर तीनच गोष्टी असाव्यात: अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली की आरएनए करावी, बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी आजार बरा होतो, आणि आपल्या भागातले मोफत उपचारांचे केंद्र कोणते, कोणत्या वारी, कोणत्या खोलीत. तिसरी गोष्ट छापण्याआधी केंद्रावर स्वतः जाऊन पाहावे, कारण ओपीडीचे वार बदलतात. काही संशोधकांना वाटते की असे पान दिल्याने पुढच्या डॉक्टरांची उत्तरे बदलतील. त्यांची भीती रास्त आहे, म्हणून एका भागातले काम कमीत कमी दिवसांत उरकावे. पण ज्या डॉक्टरांनी नुकतेच आपल्यासमोर ‘हा आजार बरा होत नाही’ असे लिहिले, त्यांना तसेच सोडून निघून यायचे हे मला कधीही मान्य होणार नाही. त्यांचा पुढचा रुग्ण कदाचित आज संध्याकाळीच येणार आहे.

आकडे मांडताना

सर्व डॉक्टरांची सरासरी काढू नये. फॅमिली डॉक्टर, शस्त्रक्रिया करणारे, डायलिसिस केंद्रे, रक्तपेढ्या यांचे आकडे वेगळे द्यावेत, आणि प्रत्येक टक्केवारीशेजारी ती कितींपैकी आहे हे लिहावे. ‘आरएनए केली’ याची टक्केवारी सर्व डॉक्टरांवर काढली तर ती फसवी येईल. ज्यांनी गेल्या वर्षात पॉझिटिव्ह रुग्ण पाहिला त्यांच्यावरच काढावी. किती जणांकडे गेलो, किती भेटले, किती जणांनी नकार दिला, कितींच्या पाट्या होत्या पण दवाखाने बंद होते, हा हिशेब अहवालाच्या पहिल्या पानावर असावा. नमुन्यात एखादा गट मुद्दाम जास्त घेतला असेल, तर एकत्रित आकडा देताना त्याला त्याच्या खऱ्या प्रमाणात भार द्यावा.

सर्वांत उपयोगी तक्ता म्हणजे रुग्णाच्या वाटेचाच: अँटीबॉडी पॉझिटिव्ह आले इतके, त्यांतले डॉक्टरांच्या माहितीप्रमाणे आरएनए झालेले इतके, उपचार सुरू झालेले इतके, बारा आठवड्यांनंतरची तपासणी झालेले इतके, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘मला कळले नाही’ असे इतके. हा तक्ता गटागटाने काढला की कुठल्या टप्प्यावर कोणाशी बोलायला हवे ते स्वच्छ दिसते. नेत्रतज्ज्ञांकडे आरएनएआधीच वाट तुटत असेल, तर प्रयोगशाळेच्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरच ‘आरएनए तपासणी आवश्यक’ ही एक ओळ छापून घेणे शंभर व्याख्यानांपेक्षा कामाचे. रक्तपेढीत दात्याला निरोप पोहोचत नसेल, तर तिथला उपाय वेगळा.

अहवाल झाला की तो आधी उत्तर देणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावा, मराठीत, दोन पानांत, त्यांच्या भागाच्या आकड्यांसह. आम्ही पुन्हा हडपसरच्या त्या दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठ्यांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आमचे पान चिकटवून ठेवले होते आणि केंद्राच्या वारांखाली निळ्या पेनने रेघ ओढली होती.